कौसाबाईंच्या गाडीची हवा

मी एक जुना प्रेशर गेज आहे, मित्रांनो. टायरमधली हवा मोजणारा. पितळेचं अंग, काचेचं तोंड आणि आत एक बारीक काटा. काच तडकली आहे, तरी काटा अजून खरं सांगतो.

माझा जन्म कुठे झाला, ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते उल्हासनगर कॅम्प एकमधलं दुकान. अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर दिनानाथांचं टायरचं काम होतं. ते मला घ्यायला आले, तेव्हा सिंधी शेठ म्हणाले, "भाऊ, घरवाली झूठ बोलेगी, ये नहीं बोलेगा." दिनानाथ हसले, "मग याला घरी न्यायचीच भीती वाटते, शेठ."

ट्रक, टेंपो, रिक्षा, सगळ्यांची हवा मी मोजली. दिनानाथ मला कुणाच्या हाती देत नसत. ते सुखाचे दिवस होते.

मग शहाऐंशी साली त्यांची आई कौसाबाई मोरीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ते नीट जुळलंच नाही. त्यांना बसता येईना. बारवी धरणापलीकडच्या पाड्यात त्यांचं माहेर. नवरात्रातल्या नवमीला माहेरच्या देवीची ओटी एकदा भरायची, एवढंच त्या मागत.

दिनानाथांनी जुन्या आसावर एक छोटी गाडी बांधली. वर छप्पर, आत खाट, खिडकीला पडदा. धाकटे भाऊ शशिकांत यांच्या जीपला ती मागून जोडायची. आळीतली माणसं तिला 'आजीचा बंगला' म्हणत.

बंगला झाला, पण हवा किती ठेवायची? जीपइतकी तीस पौंड भरली, तर गाडी खड्ड्याखड्ड्याला उडे. स्वतः दिनानाथ खाटेवर आडवे होऊन बघत, आणि उठताना कंबर धरत. अठरावर आणली, तर गाडी मऊ चाले, पण डुले, आणि फेरी मारून आल्यावर टायरला हात लावला तर चटका बसे. हवा कमी असली की टायर दर फेऱ्याला दबतो, दबून तापतो आणि शेवटी फाटतो. असं खालीवर करत ते चोवीसवर थांबले. त्या उन्हाळ्यात कौसाबाई शिवमंदिरापर्यंत जाऊन आल्या. म्हणाल्या, "झोळीत निजल्यागत वाटलं रे, दिना."

पावसाळाभर गाडी उभी राहिली. उभ्या गाडीची हवा उतरते, मित्रांनो.

नवमी उजाडली. ती खंडेनवमी, हत्यारांच्या पूजेचा दिवस. दिनानाथांच्या पत्नी सुंदराबाई नवरात्राचे नऊही उपवास करत. त्यांनी पहाटेच पाट मांडला. नट आवळायचे पाने, हातोडे, मध्यभागी मी. मला हळदकुंकू लावलं, वर झेंडू वाहिला.

शशिकांत दाराशी आले. "वहिनी, तेवढा गेज द्या. हवा बघून लगेच ठेवतो."

सुंदराबाई हळूच म्हणाल्या, "भावजी, मांडलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. आईंच्या ओटीचंच काम आहे. देवी सांभाळील."

दिनानाथ हात जोडून उभे होते. एकदा माझ्याकडे बघून म्हणाले, "राहू दे, शशा. अंदाजानं टाक."

शेजारचा पायाने मारायचा पंप आणला गेला. अंगठ्याने टायर दाबत शशिकांत बोलले ते मला आत ऐकू आलं. "आई, कडक ठेवत नाही. तुला हादरे नकोत." बाहेर माझं काम चाललं होतं, आणि मी फुलांखाली नैवेद्याची वाट बघत होतो.

दोघे भाऊ आईला घेऊन निघाले. बदलापूर मागे पडलं. बारवीच्या रस्त्याला मऊ टायर तापत गेला आणि वळणावर फाटला. गाडी कलंडून चरात गेली. कौसाबाई तिथेच गेल्या. माहेर अजून लांब होतं.

दसऱ्याला त्या घरात कुणी सोनं वाटलं नाही. शशिकांत दारातूनच म्हणाले, "एका मिनिटाचं काम होतं, वहिनी." त्यानंतर त्यांनी जीप विकली. भावाकडे येणंही सोडलं.

सुंदराबाई पाटासमोरून उठेनात. "मी अडवलं," एवढंच म्हणत राहिल्या. दिनानाथ म्हणाले, "तू अडवलंस खरं. पण टायर कसा फाटतो हे मला ठाऊक होतं. तरी मी हात जोडून उभा राहिलो."

त्यांनी मला टेबलाच्या खणात टाकलं. माझी काच तेव्हाच तडकली. पितळ काळं पडलं, खाचेतलं कुंकू वाळून घट्ट झालं. मी तिथे किती वर्षं पडून होतो, कोण जाणे. दिनानाथांनी मला पुन्हा हात लावला नाही.

शेवटी सुंदराबाईंनीच मला बाहेर काढलं. चिंचेने घासलं आणि दुकानाच्या दाराशी खिळ्याला अडकवलं.

मित्रांनो, आम्हा हत्यारांची पूजा जरूर करा. आम्हालाही ते गोड वाटतं. पण कुणी वाटेला लागणार असेल, तर जोडलेले हात सोडा आणि आम्हाला उचला. देवी त्यावर रागावत नाही, असं सुंदराबाई सांगतात, आणि त्यांचे उपवास अजून चालू आहेत.

नवमीला त्या इतर हत्यारं पाटावर मांडतात. मी खिळ्यालाच असतो. ड्रायव्हर हार घेऊन येतात, त्यांना त्या आधी हवा बघायला लावतात. आवाज कधी चढत नाही. पण कुणी "आल्यावर बघू, काकी" म्हणालं, तर मला हातात धरून त्या गाडीपुढे उभ्या राहतात, आणि हवा बघितल्याशिवाय बाजूला होत नाहीत.