टाचेचा खळगा

मलबोकला चार दिवस उरले होते आणि मिओकच्या चोवीस चकत्यांपैकी एकीवरही पिवळी बुरशी धरली नव्हती.

पेंढा सारून ती एकेक चकती उचलून पाहत होती. गव्हाचा भरडा ओलसर करायचा, फडक्यात गुंडाळून साच्यात पायाने तुडवायचा आणि भाताच्या पेंढ्यात, रानदवण्यात निजवायचा. हे नुरुक. तांदळाची दारू आंबते ती त्याच्या जोरावर, आणि घरोघरची चव वेगळी होते तीही त्याच्यामुळेच. आईच्या चकत्यांवर आठव्या दिवशी हळदीसारखी साय यायची. मिओकच्या काळ्या पडल्या होत्या आणि त्यांना ओल्या मोज्यांचा वास येत होता.

उन्हाळ्यातल्या तीन कडक दिवसांपैकी मलबोक शेवटचा. तो सरला की हवा कोरडी होऊ लागते आणि नुरुक नीट धरत नाही, हे नदीकाठी सगळ्यांना ठाऊक. म्हणजे आता जमलं नाही, तर पुढचा उन्हाळा. परवाना हातात होता, दारावर पाटीही लागली होती: कुमसुन दारूघर. कुमसुन हे आईचं नाव. बर्फ वितळायच्या सुमारास ती गेली. घरी दारू करायला बंदी होती त्या काळात सरकारी माणसं गावात शिरली की ती रांजण पाइनच्या फांद्यांखाली लपवायची. बंदी उठली, तिची सवय उठली नाही. तिचं नाव एकदा उघड्यावर लावायचं, एवढ्यासाठी मिओक शहरातली नोकरी सोडून आली होती.

दुपारी नदीपलीकडून बुनरे मावशी आली. आईची धाकटी बहीण. तिने एक चकती हुंगली, खाली ठेवली आणि मग भिंतींकडे पाहिलं. पांढऱ्या, चकचकीत भिंती.

"भिंती कोणी धुतल्या?"

"मीच. खरवडून, ब्लीचने. मग टाइल बसवल्या."

"परवाना देणाऱ्या साहेबांनी सांगितलं होतं?"

मिओकला हो म्हणता आलं असतं. "नाही," ती म्हणाली. "त्यांनी फक्त फरशी सांगितली होती."

मावशीने टाइलवरून बोट फिरवलं. "तुझी आई या खोलीत केरसुणीसुद्धा हळू फिरवायची. बुरशीचं चाळीस वर्षांचं बिऱ्हाड होतं त्या मातीत. तू एका दिवसात बेघर केलंस."

एका दिवसात नव्हे, तीन दिवसांत. तोंडाला फडकं बांधून मिओक भिंती घासत होती, आणि आई गेल्यापासून फक्त त्या तीन दिवसांत ती रडली नव्हती. हे तिने मावशीला सांगितलं नाही.

मावशीनेच मग नरमून सुचवलं, की बाजारातलं नुरुक आणावं. दारू होईल, तपासणीत पास होईल, पिणाऱ्याला काय कळतंय.

"तुला कळेल," मिओक म्हणाली.

"माझं काय. मी दोन-चार उन्हाळ्यांची पाहुणी."

पण बोलता बोलता तिची नजर मागच्या पडवीत गेली. तुळईला पेंढ्याच्या दोरीने एक चकती टांगलेली होती. आईने गेल्या वर्षी तुडवलेली, शेवटची. मधोमध टाचेचा खळगा. आईची उजवी टाच आत वळलेली होती, म्हणून खळगाही तिरपा. रोज सकाळी मिओक त्यात अंगठा ठेवून उभी राहायची.

"ती फोड," मावशी म्हणाली. "चुरा करून नव्या भरड्यात मिसळ. घरचं बी तेवढंच राहिलंय."

मिओकने ती दोन दिवस फोडली नाही. तिसऱ्या दिवशी कडेकडेने मोडली आणि मधला भाग तेवढा बाजूला ठेवला. मावशीने कडेचा तुकडा बोटांत चुरडला. त्यातून भुगा आणि पोरकिडे पडले.

"कड खाल्ली किड्यांनी. जे जिवंत आहे ते मधे. टाच कशाला दाबतात? मधे पातळ झालं की आत सडत नाही, म्हणून."

"मावशी, एवढंच उरलंय. रीतीप्रमाणे तिचे कपडे जाळले, मोजे जाळले."

"जाळताना मी होते ना. माझी बहीण होती ती."

मिओकने तो मधला, खळग्याचा तुकडा खलात टाकला. मावशीने खल दोन्ही हातांनी घट्ट धरला. आठ-दहा घाव लागले.

"फोटो तरी काढायचास," मावशी नंतर म्हणाली.

मलबोकच्या पहाटे मिओकने वीस चकत्या तुडवल्या. टाइलच्या खोलीत त्या ठेवण्यात अर्थ नव्हता. आईची निजायची खोली तिने सहा महिन्यांत उघडली नव्हती, म्हणूनच तिथल्या मातीच्या भिंती वाचल्या होत्या. तिथेच पेंढा अंथरला. साहेब तपासणीला आले तर काय, असं तिने विचारलं.

"दाराला कुलूप घाल आणि समोर सरपण रच," मावशी म्हणाली. "आपल्या घराला काय नवीन आहे?"

आठव्या दिवशी त्यांनी पेंढा उचलला. पंधरा काळ्या होत्या. पाच चकत्यांवर मात्र पिवळं आलं होतं, कुठे दाट, कुठे विरळ. एका रांजणापुरतं, मावशीने हिशेब सांगितला, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या बियाण्यासाठी एक राखून ठेवायला बजावलं.

मिओकने त्यातली एक उचलून खळग्यात अंगठा ठेवला. खळगा सरळ होता.