पडीक जागा

प्राधिकरणातल्या आमच्या सोसायटीमागे एक चिबड होतं. बारा महिने ओल, गुडघाभर लव्हाळा आणि मधोमध डबकं. त्यात दुर्गाबाईच्या म्हशी डुंबायच्या. दुर्गाबाई निगडी गावातली, आम्हाला दूध घालणारी. ते चिबड बुजवून हॉल बांधायचा का, हे ठरवायला सभा भरली आमच्याच ओट्यावर, कारण आमचे हे अध्यक्ष. म्हणजे चहा माझ्या गळ्यात!

चहा देताना नवे शेजारी कौतुकाने म्हणाले, "वहिनी काय करतात?"

"काही नाही, घरीच असते," हे म्हणाले. मी पुढचा कप भरला.

समोरच्या घरातले अर्जुनराव तावातावाने बोलायला लागले. "डास आहेत हो तिथे! माझा धाकटा दोनदा हिवतापाने पडलाय." खरंच होतं ते. त्या पोराच्या कपाळावर मीही पट्ट्या ठेवल्या होत्या.

"पण आपल्या विहिरीला पाझर तिथूनच आहे," श्यामराव म्हणाले.

दुर्गाबाई पायरीखाली उभी होती. "सायेब, उन्हाळ्यात म्हशी पाण्यात बसल्या न्हाईत तर आटत्यात. मंग इकाव्याच लागतील मला." तिचा आवाज कापत होता.

"अहो, पडीक जागा ती! तिचा उपयोग काय?" हे म्हणाले. "करा हात वर."

निम्मे हात वर गेले. आता यांच्या हातावर निकाल, आणि तो वर जायलाच लागला होता. माझं डोकंच फिरलं. मी ट्रे दाणकन आपटला.

"विहिरीला पाणी देते, तुमच्या चहाला दूध देते, आणि वर पडीक? जिला पगार नाही ती पडीकच ना तुमच्या हिशेबी? मग मलाही बुजवा, आणि बांधा हॉल!"

यांचा हात हळूच खाली आला. डबक्यात गप्पी मासे सोडू, ते डासांच्या अळ्या खातात, असं श्यामरावांनी सुचवलं. अर्जुनराव कुरकुरले, पण कबूल झाले.

"वैनी, लई ब्येस बोलला बगा," दुर्गाबाई पदराने डोळे पुसत म्हणाली.

पुढे महिन्याभरात यांचे कंपनीतले साहेब घरी आले. तोच प्रश्न, मिसेस काय करतात? हे सवयीने "काही ना..." म्हणाले आणि थबकले. माझ्याकडे बघून म्हणाले, "काय करत नाही ते विचारा."

मेलं, एवढ्यानेच माझे डोळे भरून आले. साहेबांच्या चहात साखर घालायची राहूनच गेली.