गोजरबाईच्या चपला

गोजरबाईनं पायातल्या चपला सोडल्या तेव्हा गावाला वाटलं होतं, फार तर दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे. तिलाही तसंच वाटलं होतं. नवरा, रंगनाथ, दवाखान्यातून घरी आला होता. उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा गेली होती. वाचा येईल, पण वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाले. वेळ म्हणजे किती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि हिनं विचारलं नाही. गावाबाहेरच्या टेकडीवर खंडोबासमोर उभी राहून ती म्हणाली, "देवा मल्हारी, ह्यांनी मला जोवर गोजर म्हनून हाक मारली न्हाई, तोवर मी पायात चप्पल घालनार न्हाई." मग चपला पायरीपाशीच ठेवून ती अनवाणी घरी आली.

त्याला सहा वर्षं झाली.

रंगनाथची वाचा म्हणजे काही साधीसुधी वाचा नव्हती. संगमनेर, अकोले, कुठल्याही तालुक्यात यात्रेला कुस्त्यांचा हगामा भरला की माईक ह्याच्या हातात. पैलवान कुठल्या गावचा, वस्ताद कोण, मागच्या वर्षी कुणाला चितपट केलं, सगळं तोंडपाठ. दोन्ही पैलवान मातीत नुसते एकमेकांना रेटत उभे असले तरी हा बोलून बोलून लोकांना जागेवर बसू देत नसे. घरात मात्र त्याला माईक लागत नसे. मळ्याच्या बांधावरून त्यानं "गोजर!" अशी हाक मारली की चुलीपुढची गोजरबाई दचकून उठे आणि म्हणे, "मेलं गाव गोळा करता का काय!" तिला त्या हाकेचा फार राग यायचा. म्हणजे ती तसं सगळ्यांना सांगायची.

आता तो मधल्या खोलीत पलंगावर पडून असे. तोंड खिडकीकडे, पाठ दाराकडे. खिडकीतून रस्ता दिसतो, तेवढीच करमणूक, म्हणून मुलानं पलंग तसा लावला होता. पहिल्या वर्षी गोजरबाई त्याच्याशी खूप बोलली. पण आपण बोललं की तो उत्तर द्यायला धडपडे. ओठ वाकडे होत, घशातून कसातरी आवाज निघे आणि मग तो रडे. ते बघवेना म्हणून तिनं हळूहळू त्या खोलीत बोलणंच सोडलं. चहा न्यायचा, पाजायचा, तोंड पुसायचं, कूस बदलायची आणि निघायचं. त्याला त्रास नको एवढंच तिच्या मनात होतं.

पण एक गोष्ट तिला लागून राहिली. ती जवळ गेली की तो दचकायचा. डावा हात उडायचा, कपाला लागायचा आणि चहा गादीवर सांडायचा. रोज सकाळी, न चुकता. गादीवर तांबूस डाग पडून पडून मूळ रंग कुठला ते कळेना. सून रुपाली चहा द्यायची तेव्हा असं होत नसे. पायात पैंजण, कानाला मोबाईल, तोंडानं कुणाशी तरी बडबड, अशी ती खोलीत शिरायची आणि रंगनाथ गपगुमान चहा प्यायचा. गोजरबाईनं याचा अर्थ लावला. सुनेला ओळखतो, मला नाही. पस्तीस वर्षांचा संसार डोक्यातून पुसून गेला. हे पहिल्यांदा मनात आलं तेव्हा ती न्हाणीत जाऊन रडली. पुढे पुढे ती नुसतं फडकं घेऊन गादी टिपायची.

तिसऱ्या उन्हाळ्यात एक नवल झालं. पहिले दोन उन्हाळे तिच्या तळव्यांची सालटं निघाली होती. रविवारी टेकडीवर जाताना ती या झाडाच्या सावलीतून त्या झाडाच्या सावलीत पळायची आणि पोरं हसायची. तिसऱ्या वैशाखात ती डांबरी रस्त्यावर आली, अर्धा रस्ता चालली आणि थांबली. पाय भाजत नव्हते. डांबर वितळून तळव्याला चिकटत होतं, पण चटका म्हणून नाही. ती तशीच भर उन्हात उभी राहिली आणि तिनं हात जोडले.

देवळात गेल्यावर तिनं बन्सी गुरवाला सांगितलं. बन्सीनं तिचे तळवे बघितले आणि आपल्या कानाची पाळी धरली. "गोजरबाई, देवानं तुमचे पाय झेलले. नवस पोचला बगा."

बन्सीच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मग रविवारी बाया वाटेत थांबून तिच्या पाया पडू लागल्या. कुणाच्या पोरीचं लग्न जमत नव्हतं, कुणाचं पोर परीक्षेत पास होत नव्हतं. "तुमचं देव ऐकतो, आमचं बी सांगा." ती म्हणायची, "मी कोन गं?" पण खोटं कशाला सांगा, तिला बरं वाटायचं. नवरा बोलत नव्हता, पण देवानं खूण दिली होती. तेवढ्या खुणेवर तिनं पुढची वर्षं काढली.

पायांबरोबर आणखीही काहीतरी बधिर होत गेलं, तिकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही. भाऊ वारला तेव्हा ती माहेरी जाऊन दहा दिवस राहिली आणि डोळ्यांतून पाणी आलं नाही. बाया म्हणाल्या, बाई किती शांत झाली. नातू झाला तेव्हाही ती तशीच शांत. दिवस उगवायचा, ती उठायची, चहा सांडायचा, ती गादी टिपायची. कुणी विचारलं, "काय म्हनतात रंगनाथराव?" तर सांगायची, "बोलतील. देवावर भरवसा हाय." हे ती इतक्या वेळा म्हणाली होती की आता ते म्हणताना तिला काही म्हणजे काही वाटत नसे.

गेल्या भाद्रपदात रुपाली फरशी पुसत होती. चुलीपासून मधल्या खोलीपर्यंत आणि तिथून ओट्यापर्यंत तांबडे ठिपके. तिनं ठिपक्यांचा माग काढला, तो ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या सासूच्या डाव्या पायापाशी संपला.

"आत्या, पाय बगू."

"काय झालं पायाला?"

रुपालीनं पाय वर उचलला. अंगठ्याशेजारच्या बोटाखाली पत्र्याचा खिळा घुसला होता, अगदी डोक्यापर्यंत. भोवतालचं मांस काळं पडलं होतं. खिळा कालचा नव्हता, चार-पाच दिवसांचा तरी होता.

संगमनेरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी खिळा काढला तरी गोजरबाई भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितले. "मावशी, मी पायाला ह्या ताठ नायलॉनच्या दोऱ्यानं टोचतो. लागलं की हो म्हणायचं."

तिनं डोळे मिटले. बराच वेळ गेला.

"करा की सुरू," ती म्हणाली.

"झालं, मावशी. दहा जागी टोचून झालं."

तिनं डोळे उघडले. देवानं पाय झेलल्याची गोष्ट तिनं भोळेपणानं डॉक्टरांना सांगितली. ते हसले नाहीत. रक्ताचा कागद पुढे ओढून त्यांनी समजावलं, साखर आहे, वाढलेली आहे, चार-पाच वर्षांपासून असावी. साखरेनं पायाच्या नसा मेल्या आहेत, म्हणून चटका बसत नाही आणि खिळाही लागत नाही. एक बोट काढावं लागेल. यापुढे घरातसुद्धा, मोरीतसुद्धा, चपलेशिवाय पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर पुढच्या वेळी बोटावर भागणार नाही.

गोजरबाई "बरं" म्हणाली. खूण म्हणून तिनं जे उराशी धरलं होतं तो आजार निघाला. आपल्याला आता मोठं रडू यायला हवं, असं तिला वाटलं. ती वाट बघत राहिली, पण रडू आलं नाही. आपण आतून लाकूड झालो आहोत एवढंच तिला कळलं आणि त्याचीच तिला भीती वाटली.

बोट काढलं. तीन आठवडे ती ओसरीतल्या खाटेवर पडून होती आणि रंगनाथचं सगळं रुपालीनं केलं. जखम भरली, टाके निघाले. दवाखान्यातून खास मऊ रबराच्या चपला करून आणल्या होत्या, मागून पट्टा असलेल्या. खोकं खाटेखाली तसंच पडून होतं.

"घाला आता," रुपाली म्हणाली.

"न्हाई."

"आत्या, डॉक्टर काय बोलले, ऐकलंत ना?"

"ऐकलं. सहा वर्सं झाली गं. आज घातल्या आन् हे उद्या बोलनार असले तर? माज्या पायी ऱ्हायचं."

रुपाली गरीब स्वभावाची, पण त्या दिवशी तिचा तोल गेला. "बोलनार असले तर! आन् तुमचा पाय गेला तर? मामांची कूस कोन बदलनार? मी करीन, पन मी एकटी किती करू? तुमी खाटेवर, ते पलंगावर. देवाला हेच पायजे व्हय?" एवढं बोलून ती स्वतःच रडली आणि भाकरी करपते म्हणून आत पळाली.

गोजरबाईनं बन्सी गुरवाला बोलावणं धाडलं. बन्सी आला आणि खाली मान घालून बसला. देवानं पाय झेलल्याची बातमी त्यानंच गावभर केली होती.

"बन्सी, नवस मोडता येतो का रं?"

"तसा मोडू ने," तो चाचरत म्हणाला. "पन कौल लावू. देवाला दोन्ही अंगाला फूल लावतो. उजवं पडलं तर देवाची परवानगी हाय म्हनायचं, घाला चपला. मी... मी उजवं जरा हलकंच लावतो."

सहा वर्षांत पहिल्यांदा गोजरबाईच्या ओठांवर हसू आलं. "नको बाबा. तुज्या फुलाच्या आड मी कशाला लपू?"

बन्सी गेल्यावर ती काठी टेकत ओट्यावर आली. समोर टेकडी, टेकडीवर देवळाचा कळस. तिनं पदर सावरला आणि हात न जोडताच बोलली, शेजारणीशी बोलावं तसं. "देवा, मी तुज्याशी सौदा केला हुता. माजे पाय घे आन् ह्यांची वाचा दे. तुला पाय नको हुते, ते मला कळलं न्हाई. सौदा मी मोडते. दोस लावायचा तर मला लाव, ह्यांना न्हाई. वाट बगायची ती बगतेच. पन आता चपला घालून बगते."

कळसावर एक होला बसला होता. तो उडाला नाही की काही झालं नाही. गोजरबाईलाही काही वाटलं नाही. ती आत गेली आणि जेवून निजली.

सकाळी तिनं खोकं उघडलं आणि चपला घातल्या. पाय आत गेला की नाही हे बोटांना कळेना, म्हणून डोळ्यांनी बघून पट्टे लावले. चुलीपाशी चप्पल घालून उभं राहायची तिला इतकी लाज वाटली की चहा गाळताना तिनं देव्हाऱ्याकडे पाठ केली. तीन आठवड्यांनी ती पुन्हा नवऱ्याला चहा पाजणार होती. एका हातात कप, दुसऱ्यात नेहमीचं फडकं. शहाबादी फरशीवर नवीन रबर प्रत्येक पावलाला चर्र-फट, चर्र-फट वाजत होतं. तिला वाटलं, साऱ्या आळीला कळणार, गोजरबाईनं नवस मोडला.

ती दारात आली आणि थांबली.

रंगनाथ खिडकीकडे बघत नव्हता. मान जेवढी वळेल तेवढी वळवून, हनुवटी खांद्यावर टेकवून तो दाराकडे बघत होता. ती दारात यायच्या आधीपासून. डावा हात चादरीवर स्वस्थ होता.

तिला आधी काही उमगलं नाही. मग तिनं कप कोनाड्यात ठेवला, वळली आणि चर्र-फट करत पार ओट्यापर्यंत गेली. तिथं क्षणभर थांबली आणि परत आली. रंगनाथची मान पुन्हा खिडकीकडे गेलेली होती, पण तिची दोन पावलं वाजली आणि ती हळूहळू, कष्टानं, दाराकडे वळली.

"आत्या, काय इसरलं का?" रुपाली आतून म्हणाली. "सारख्या आत-भाईर काय करताय?"

गोजरबाईनं चौकट धरली. "रुपे," ती म्हणाली, "हे मला इसरले न्हाईत गं. मीच इतकी वर्सं चोरावानी येत हुते ह्यांच्या पाठीमागून. पाय वाजंना, तोंड उघडंना. मानूस दचकंल न्हाई तर काय करंल?"

गालावरून काहीतरी हनुवटीपर्यंत आलं. तिनं हात लावून बघितलं, तर ओलं होतं. ती पलंगापाशी गेली, त्याच्या डोळ्यांसमोर बसली आणि पाच वर्षांनी त्या खोलीत मोठ्यानं बोलली, "आले बगा. च्या आनलाय."

त्यानं ओठ हलवले. घशातून तोच तसलाच आवाज आला, त्या आवाजाला 'गोजर' अशी हाक म्हणता आलं नसतं. तिनं घाई केली नाही. त्याचं म्हणून होईपर्यंत ती कप धरून बसून राहिली, मग तो त्याच्या तोंडाला लावला. चहा संपला तेव्हा तिच्या मांडीवरचं फडकं कोरडंच होतं.