गोल बुडाचा नट

तुम्ही खोटं लिहिलंत.

शब्द तपासले तर त्यात एकही खोटा निघणार नाही, तेवढी हुशारी तुमच्यापाशी आहे. 'नट सैल झाल्याने पुढचे डावे चाक निखळले. कंपनीच्या कोणत्याही भागात दोष आढळला नाही.' खाली सही, सहीखाली शिक्का. एवढं लिहून तुमचा माणूस निवांत जेवायला गेला असेल. ज्याच्या उरावर ती दोन वाक्यं येऊन बसली, त्याच्या घरात मात्र त्या दिवसापासून ताट वाढलं जातं आणि तसंच उचललं जातं. तुमची गाड्यांची कंपनी मोठी, तुमच्या गेटवरचा वॉचमनसुद्धा तोऱ्यात बोलतो. असू द्या. आज जरा खाली बसा आणि ऐकून घ्या.

त्या माणसाला सगळे वस्ताद म्हणत. टायरचा एक गाळा, दाराशी हवेचा पंप, आत जॅक आणि भिंतीवर टांगलेले पाने. वस्तादांची बायको गल्लीभराची काकू. दुकानात त्यांचा पाय फारसा पडत नसे, पण नवऱ्याचं बोलणं ऐकून ऐकून चाकाची भाषा त्यांच्या कानात मुरली होती. जेवताना वस्तादांचा एकच विषय. आज एकजण छोट्या गाडीला रुंद चाकं बसवायला आला होता, त्याला कसा परत पाठवला.

"चार भोकं जुळली म्हणजे चाक जुळलं, असं वाटतं लोकांना," ते घास हातातच धरून सांगत. "अरे, मधलं भोक आसाच्या टोकावरच्या हबवर गच्च बसायला नको? गाडीचं वजन हबवर यायला हवं. चाक किती आत राहणार, किती बाहेर येणार, ते कंपनीने ठरवलेलं असतं. बोटभर बाहेर काढलंस की बेअरिंग बोंबलणार."

"आधी तो घास आत घाला, बाहेर किती काढायचा ते मग बघू," काकू म्हणत. आणि बबडी खो खो हसे.

बबडी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. शिकून सवरून घरोघरी जाऊन आजाऱ्यांना व्यायाम देण्याचं काम करायची. कुणाचा खांदा धरलेला, कुणाचं अर्धं अंग गेलेलं. दिवसभर या टोकाकडून त्या टोकाला. त्यासाठी तिने छोटी गाडी घेतली. साधं मॉडेल, लोखंडी चाकं, त्यावर प्लॅस्टिकच्या टोप्या. त्या टोप्या खड्ड्यात उडून पडायच्या.

"बाबा, टायरवाल्याच्या पोरीची गाडी अशी भिकारी दिसते," ती एक दिवस म्हणाली. बाजारातून चमकदार अलॉयच्या चाकांचा फोटोच काढून आणला होता तिने. "हे बघा. कसली भारी आहेत. आणि स्वस्त."

वस्तादांनी फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन ते चाक हातात घेऊन बघून आले. "मधलं भोक मोठं आहे. रिंग टाकून बसवतात. आणि बाहेर येतंय. नाही चालणार."

"सगळे लावतात, बाबा!"

"सगळ्यांच्या पोरींचा बाप मी नाही."

आठवडाभराने वस्ताद तुमच्याच सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काऊंटरवर गेले. तिच्या गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीतून जी अलॉयची चाकं येतात, तीच मागवली. बाजारातल्या दुपटीहून महाग. चार खोकी रिक्षात घालून आणली आणि एकेक चाक दारात फडक्याने पुसलं. सगळं जुळत होतं. भोकांचं वर्तुळ, मधलं भोक, आतबाहेरचं माप. हबवर चाक असं सरकलं की वस्तादांनी काकूंना हाक मारून दाखवलं. "बघ गं, याला म्हणतात बसणं. कंपनीच्या गाडीला कंपनीचं चाक."

नट तिचेच वापरले. गाडीबरोबर आलेले. तेही कंपनीचेच.

टॉर्क रेंचने त्यांनी नट आवळले. हा पाना ठरलेल्या जोरावर 'कट्' असा आवाज करतो, म्हणजे बास. सोळा नट, सोळा वेळा कट्. बबडी पायरीवर बसून मोठ्याने मोजत होती आणि मधेच मुद्दाम चुकवत होती, बापाला परत पहिल्यापासून करायला लावायचं म्हणून.

नवं चाक लावलं की थोडं चालवून परत या, नट पुन्हा आवळून घेऊ, असं वस्ताद प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचे. निम्मे येत नसत. बबडी आली. पाना लावला तर डावीकडचे नट जरा फिरले, मग कट् झालं. वस्ताद म्हणाले, "नवीन आहे, बसतंय अजून." ही त्यांच्या धंद्यातली नेहमीची गोष्ट. नवं चाक थोडं बसतंच. शंका यावी असं त्यात काही नव्हतं.

पुढच्या महिन्यात पुलाच्या उतारावर पुढचं डावं चाक सुटून तिच्या पुढे धावत गेलं. गाडी कठड्यावर आदळली. भर दुपार होती. ती एका म्हाताऱ्याच्या घरी निघाली होती, त्याला त्या दिवशी पहिल्यांदा काठीशिवाय उभं करायचं होतं.

मग तुमचा साहेब आला. त्याने उरलेली चाकं बघितली, फोटो काढले. "चाकं कोणी लावली?" विचारलं. वस्ताद म्हणाले, "मी." साहेबाने मान हलवली. अशी हलवली की त्याला आणखी काही विचारायचंच नव्हतं.

त्या दिवसापासून वस्तादांचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडाला. गाळ्याचं शटर बंद. टॉर्क रेंच त्यांनी दोन ठिकाणी नेऊन तपासून आणला. पाना बरोबर होता. म्हणजे हातच चुकला. बोलण्यात मी लक्ष हरवलं, ती मोजायला चुकवत होती तेव्हा माझा एखादा राहिला, असं ते भिंतीकडे बघून म्हणत. आणि घरातली प्रत्येक वस्तू आवळत सुटले. नळ असा पिळला की वायसर फाटला. साखरेची बरणी, तेलाची बाटली, गॅसचा नॉब. काकूंना एकही झाकण उघडेना. शेजारणीकडे बरणी घेऊन जायच्या, तिथे दोघी मिळून उघडायच्या.

चक्काचूर झालेली गाडी तुमच्या सर्व्हिस सेंटरच्या मागच्या आवारात पडून होती. घेऊन जा, जागा अडते, असे तुमचे फोन. वस्ताद फोन उचलत नसत. शेवटी काकू गेल्या.

आवारात गाडी होती तशी उभी होती. सीटवर तिची पाण्याची बाटली. काकू तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. तेवढ्यात पार्ट्स काऊंटरवाला आला, वस्तादांना चाकं विकणारा तोच. वस्तादांना तो ओळखत होता.

"काकू, तुम्ही एकट्याच? वस्ताद कसे आहेत?"

"झाकणं आवळतायत," काकू म्हणाल्या.

त्याला काही कळलं नाही. तो खाली वाकून मागचं चाक बघू लागला, उगाच काहीतरी करायचं म्हणून. बघता बघता त्याचा चेहरा उतरला. नटवरून बोट फिरवलं, पाना आणला, एक नट काढला. मग आत जाऊन पुडीतला दुसरा नट घेऊन आला.

"काकू, नट कुठले लावले होते?"

"तिचेच. गाडीबरोबरचे."

"हे बघा." त्याने दोन्ही नट तळहातावर ठेवले. एकाचं बूड शंकूसारखं निमुळतं, दुसऱ्याचं गोल. "लोखंडी चाकाला निमुळता लागतो. या अलॉयला पूर्वी तोच लागायचा. गेल्या वर्षीपासून कंपनीने चाकाची बैठक, म्हणजे नट टेकतो ती जागा, गोल केली. आता गोल बुडाचा नट लागतो."

त्याने निमुळता नट चाकाच्या भोकात ठेवला. नट फक्त कडेवर टेकला होता, बोटाने हलवला तर डुलला. गोल बुडाचा ठेवला तो वाटीत वाटी बसावी तसा बसला.

काकूंना आणखी समजावून सांगायची गरज नव्हती. आटे चुकवून बसलेलं झाकण घट्ट लागतं, पण बसलेलं नसतं, हे त्यांना कोण शिकवणार?

"म्हणजे कितीही आवळला तरी..."

"सैल होणारच. हळूहळू."

"चाकं तुम्हीच दिली ना? मग नट का नाही दिलात?"

"चाक वेगळं, नट वेगळा, काकू. जे मागितलं ते दिलं. बैठक बदलल्याची वरून आलेली सूचना मी नंतर वाचली." त्याचा आवाज बारीक झाला. "फक्त आमच्या मेकॅनिकांसाठी होती. बाहेरच्या दुकानदाराला कोण कळवतो?"

"आणि साहेबांना माहीत होतं?"

तो आवाराच्या फाटकाकडे बघत राहिला. "माझी नोकरी आहे, काकू." मग, काहीतरी चांगलं बोलावं म्हणून असेल, बिचारा म्हणाला, "बाजारातली चाकं घेतली असती तर हे नट चालले असते बघा. त्यांची बैठक अजून निमुळतीच असते."

काकू दोन्ही नट पदराच्या गाठीत बांधून चालत निघाल्या. बस समोर होती, पण त्या चालल्या. नवऱ्याला सांगितलं तर त्याच्या हातांवरचा डाग जाईल. पोरीला नट सैल ठेवून मारलं, या पापातून तो मोकळा होईल. पण तो वस्ताद आहे. पुढचं त्याला सांगावं लागणार नाही. स्वस्तातली चाकं बबडीने पसंत केली होती आणि ती त्याने मोडीत काढली होती. लेकीचा जीव जपायचा म्हणून. एक ओझं काढून दुसरं ठेवायचं, आणि ते पहिल्यापेक्षा जड. काय करावं बाईने? गल्लीच्या तोंडाशी त्या बराच वेळ उभ्या होत्या. घरात आल्या तेव्हा वस्ताद नळाशी वाकून बसले होते, नवा वायसर घालून तो पुन्हा पिळत होते.

"अहो," काकू म्हणाल्या, "सोडा तो नळ. तुमचा हात चुकला नव्हता."

आणि नट समोर ठेवले.

वस्तादांनी दोन्ही उचलले. अंगठ्याने बूड चाचपलं, एकदा याचं, एकदा त्याचं. "आवळले होते मी," ते म्हणाले. "सोळाच्या सोळा." आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा रडले. काकूंनी पाठीवर हात ठेवला. रडणं ओसरलं. काकू वाट बघत होत्या. तो क्षण आलाच.

"तिने फोटो आणला होता," वस्ताद म्हणाले.

"हं."

"ती लावली असती तर..."

"अहो, नका."

भांड्यावर ठिबकणाऱ्या नळाचा आवाज तेवढा येत राहिला, कारण तो अजून अर्धाच बसला होता.

मग वस्ताद एकदम उठले. चेहरा पांढराफटक. "अगं, कंपनीची हीच चाकं मी आणखी दोघांना लावलीत. तो चष्म्याच्या दुकानवाला. आणि ती शाळेतली बाई, तिची दोन पोरं मागे बसतात." चपला शोधायला लागले, एक सापडली, एक सापडेना. काकूंनी दुसरी पलंगाखालून काढून दिली. कितीतरी दिवसांनी शटर वर गेलं. पाना खांद्यावर टाकून तो माणूस भर उन्हात निघाला, एका पायाला चपलेचा पट्टा न लावताच. आधी काऊंटरवर जाऊन गोल बुडाचे नट विकत घेतले, मग चष्म्याचं दुकान, मग शाळा. शाळेच्या बाईच्या गाडीच्या मागच्या चाकाचा एक नट नुसत्या बोटांनी फिरला.

तुम्हाला दोष दिला की तुम्ही म्हणाल, बाहेरच्या माणसाने लावलं, आम्ही काय करणार? गाडी तुमची, चाक तुमचं, नट तुमचा. बैठक बदलली ती तुम्ही. बदलल्याचं माहीत होतं ते तुम्हाला. आणि ती चाकं कुणाकुणाला विकली, हेही तुम्हालाच माहीत आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाचा फोन नंबर तुमच्याकडे आहे, सर्व्हिसची आठवण करून द्यायला रोज वापरता. ज्याची पोर गेली तो माणूस एक चप्पल ओढत त्याच्या दोन्ही गिऱ्हाइकांच्या दारात गेला. तुमची किती आहेत? त्यातल्या किती जणांना तुम्ही फोन केलात?

आकडा सांगा. आत्ता.