सहदेवाचं मौनव्रत

पोपटमामाच्या जिभेला हाड नव्हतं आणि त्याच्या भाच्याची, सहदेवाची, जीभ जागची हलायला तयार नव्हती. देवाने दोघांची सरासरी काढली असती तर काय बिघडलं असतं?

सहदेव ठाण्याच्या कोपरी गावचा, मिठागरावर काम करणारा आगरी. अंगापिंडाने धट्टाकट्टा, कामाला वाघ. पण बोलायला गेला की पहिलंच अक्षर दाताशी अडून बसायचं. लहानपणी आईने वेखंड उगाळून चाटवलं, देवळातल्या घंटेत पाणी ओतून पाजलं, कुणीसं सांगितलं म्हणून जिभेखाली गारगोटी ठेवली. ती त्याने गिळली, एवढाच काय तो परिणाम. पंचविशी आली तरी लग्न जमेना.

शेवटी मामाने डोंबिवलीच्या खाडीकाठची रतन शोधून काढली. बाप गेल्यावर भावंडांना वाढवता वाढवता तिचंही लग्न राहून गेलेलं. तिने मान वर करून सहदेवाकडे नीट पाहिलं आणि गडी तिथेच विरघळला. मग तिच्या काकाने, राघोने, मुलाला नाव विचारलं. ओठ घट्ट मिटलेले, मान हलतेय, कपाळावर घाम. आणि या मामाने काय सांगावं? तर म्हणे मुलाचं पाच वर्षांचं मौनव्रत आहे, लग्न लागलं की सुटेल.

सहदेवाला मामाचा गळा धरावासा वाटला. पण खरं काय ते सांगायचं तर बोलावंच लागणार होतं ना!

आगगाडी कल्याणला जाऊ लागून वीसेक वर्षं झाली होती, तरी वऱ्हाडं अजून खाडीनेच जायची. लग्नाच्या दिवशी होडी लागली तर काठावर ही गर्दी. व्रतस्थ नवरदेव बघायला सगळं गाव लोटलेलं. म्हाताऱ्या पाया पडायला पुढे. एकीने दूध न देणारी शेळी आणली, त्याने हात ठेवावा म्हणून. त्याने ठेवला. शेळीने त्याच्या मुंडावळ्या खाल्ल्या, लोकांनी तोही शुभशकुन मानला. त्यात राघोने जाहीर केलं की पाच वर्षं साठवलेली वाणी आज सुटणार, तेव्हा पहिला शब्द ऐकल्याशिवाय कुणी मांडवातून हलायचं नाही. हे ऐकताच मामा "जरा आलो" म्हणून जो गेला तो गेलाच.

हसं होईल ते होवो, सहदेवाला त्याची सवय होती. पण रतन? फसवलं म्हणून ती भर मांडवात तोंड फिरवेल, ही धास्ती त्याला घास गिळू देईना.

त्या गावची धवलारीण होती आवडाबाई. धवलारीण म्हणजे धवले, म्हणजे लग्नातली गाणी, गाऊन लग्न लावणारी बाई. तिच्याशिवाय आगऱ्याच्या घरचं लग्न लागत नसे. सत्तरीची म्हातारी सकाळपासून गाता गाता सहदेवाकडेच बघत होती, कारण त्याचे ओठ तिच्या चालीवर हलत होते. मिठागरावर एकटा असला की तो असाच गायचा, आणि गाताना त्याची जीभ कुठे म्हणून अडायची नाही. पण माणसांसमोर गायचं? छे!

अक्षता पडल्या. मांडव चिडीचूप. सहदेवाने तोंड उघडलं, अक्षर अडलं, गाल फुगले. राघोने कान पुढे केला. तेवढ्यात आवडाबाईने धवला उचलला, "नवरा आला गं कोपरीचा, कशापायी आला..." आणि ओळ अर्ध्यावर टाकून गप्प बसली. धवला अर्धा सोडायचा? केवढा अपशकुन! बायकांचे चेहरे उतरले. ओळ कुणीतरी पुरी करायलाच हवी होती आणि म्हातारीचं बोट रोखलेलं होतं नवरदेवाकडे.

सहदेवाने डोळे मिटले आणि आवाज सोडला, "मीठ टाकून आलो गं खाडीचं, रतनला न्यायाला आलो!"

एक अक्षर अडलं नाही. मांडव असा उसळला की वाजंत्री न सांगता वाजवायला लागले. मग काय विचारता, गड्याला चेवच चढला. पाणी मागितलं गाऊन, भात मागितला गाऊन, शेळीवालीला आशीर्वादही गाऊनच. राघो म्हणाला की आपल्याकडे जावई नाही, आख्खं भजनी मंडळ आलंय. मामा उगवला आणि हे सगळं आपणच शिकवल्याचं सांगत सुटला. निर्लज्ज मेला!

दुपारच्या भरतीला वऱ्हाड परत निघालं. होडीच्या पुढच्या टोकाला सहदेव, शेजारी रतन. त्याचा आनंद गगनात मावत नव्हता आणि जीवही थाऱ्यावर नव्हता. जन्मभर काही गात बसता येणार नव्हतं.

रतनने हळूच विचारलं, "व्रत सुटलं ना? मग आता गाऊ नका. बोला."

चाल धरायला त्याने श्वास घेतला आणि तसाच सोडून दिला. हिच्याशी तरी खोटेपणा नको.

"र... र... र... रतन," तो म्हणाला. "व्र... व्रत नव्हतं. मी अ... असाच बोलतो."

तिने तोंड पाण्याकडे फिरवलं. सहदेवाला वाटलं, संपलं सगळं.

"माझे बाबा असेच बोलायचे," ती म्हणाली. "त्यांनी हाक मारली की नाव पुरं होण्याआधीच मी समोर जाऊन उभी राहायचे. आठ वर्षं झाली, अशी हाक ऐकली नाही." तिने डोळे पुसले आणि हसली. "पुन्हा मारा ना."

सहदेवाने पुन्हा हाक मारली. या खेपेला आणखी वेळ लागला, सगळ्या होडीने ऐकलं आणि त्याने जराही घाई केली नाही.