काचेपलीकडची आत्या

पडद्यावर कप्तान मेला, आणि त्याच क्षणी काचेअलीकडे बसलेल्या लेखकाच्या लक्षात आलं, की प्रेक्षकांच्या मागच्या रांगेत मिक्सरचं भांडं छातीशी धरून बसलेली बाई आपली सख्खी आत्या आहे.

तो दचकला. कप्तानासाठी नव्हे. कप्तानाला त्यानं स्वतःच मारलं होतं, लिहून, खोडून, पुन्हा मारून.

'दूरनौका' ही अंतराळमालिका चार अवतार जगून पाचव्यात येऊ घातली होती. वाहिनीची रीत अशी, की नव्या अवताराचे पहिले दोन भाग आधी बाजारातून गोळा केलेल्या बारा माणसांना दाखवायचे. प्रत्येकाच्या हातात एक गोल बटण. आवडलं की उजवीकडे फिरवायचं, नाही आवडलं की डावीकडे. सगळ्यांची मिळून एक हिरवी रेघ एका बाजूनंच दिसणाऱ्या काचेअलीकडच्या खोलीत सरकत राही. दुसरा भाग शेवटच्या नावांसकट संपताना रेघ शंभरापैकी चाळिसाच्या खाली असली तर मालिका बंद. मग यानाचा सेट मोडून तिथे पाककृतींचा कार्यक्रम व्हायचा होता. इंजिनाच्या खोलीत ओट्याची मापंसुद्धा घेऊन झाली होती. आणि लेखक परत हवामानाच्या बातम्या लिहायला जाणार होता, जिथे कुणी मरत नाही आणि फार झालं तर अंशतः ढगाळ असतं.

दुसरा नियम त्याहून वाईट होता. प्रेक्षकांत मालिकेवरच्या कुणाचाही नातेवाईक नको. सापडला, तर ज्याचं नातं त्याला नारळ.

आत्या इथे कशी आली हे कळायला डोकं चालवावं लागत नव्हतं. भांड्याचं झाकण बदलून घ्यायला बाजारात गेली असणार. गार हवा आणि बसायला खुर्ची म्हटल्यावर ती कुणाबरोबरही जाते. भाचा काचेमागे आहे याचा तिला पत्ता नव्हता. तो मालिकेवर आहे हेच त्यानं तिच्यापासून लपवलं होतं, कारण आत्यानं चारही अवतार पाहिले होते. कप्तानाला सर्दी झाली त्या भागात तिनं टीव्हीसमोर वाफाऱ्याचं पातेलं ठेवलं होतं.

"रेघ?" बाईंनी विचारलं. बाई म्हणजे वाहिनीच्या प्रमुख. त्या चिडल्या की आवाज खाली आणत, आणि आत्ता त्या जवळजवळ ऐकू येत नव्हत्या.

"बेचाळीस," सुईवाला म्हणाला. हा यंत्रावर बसणारा गडी. यंत्रातून सुया जाऊन जमाना झाला, नाव राहिलं. "बाकीचे ठीक आहेत बाई, पण ती मागची भांडेवाली शून्यावर आहे. शून्यावर येऊनही अजून डावीकडे पिळतेय. बटण हातात येईल तिच्या."

खोलीतला आवाज भोंग्यातून इकडे येत होता. "मेला? दार लावायचं राहिलं म्हणून मेला?" आत्या विचारत होती. "अहो, चार-चार आकाशगंगा फिरून आलेला माणूस, दाराची कडी विसरेल? कुणी लिहिलंय हे? घरात दारं नाहीत का त्याच्या?"

लेखक खुर्चीत जमेल तेवढा खाली घसरला.

दुसरा भाग सुरू झाला. नवी कप्तान सात डोक्यांच्या प्राण्याशी तह करत होती, आणि सातही डोकी एकदम बोलत होती. लिहिताना त्याला हे फार भारी वाटलं होतं. आता त्यातलं एकही डोकं त्याला आवडेना.

"एक्केचाळीस," सुईवाला म्हणाला. थोड्या वेळानं, "चाळीस." आणि मग त्यानं नुसतं बोटानं दाखवलं. एकोणचाळीस.

लेखकानं मनात हिशेब केला. आत्याचं शून्य काढलं तर रेघ वर येते. आत्याला काढायचं तर नातं सांगावं लागतं. नातं सांगितलं तर मालिका राहते आणि आपण जातो. पडद्यावर सातवं डोकं रडायला लागलं होतं, आणि बारा जणांतले दोघं जांभया देत होते.

"बाई," तो म्हणाला, "ती माझी आत्या आहे."

सुईवाल्यानं हळूच त्याच्याकडे पाहिलं, जिन्यावरून पडणाऱ्या माणसाकडे पाहतात तसं.

"बरं," बाई म्हणाल्या, अगदी हळू. "तिला बाहेर काढा. मग तू पण नीघ."

आत्याला सन्मानानं बाहेर नेण्यात आलं. रेघ टुणकन बेचाळिसावर चढली. लेखकानं आपली पिशवी उचलली. तेवढ्यात रेघ घसरली. छत्तीस. एकतीस. सत्तावीस.

"यंत्र बिघडलं?" बाईंनी विचारलं.

सुईवाल्यानं मागची रेघ उलगडून पाहिली, कान लावून भोंग्याचा टिपलेला आवाज पुन्हा ऐकला आणि तोंड वाकडं केलं. "यंत्र ठणठणीत आहे. आत्याबाई बोलल्या की बाकीच्या अकरांची बटणं उजवीकडे जातात. त्या गप्प, की डावीकडे. बाई, ही माणसं मालिका बघतच नव्हती. यांना आत्याबाई आवडल्यात."

बाई म्हणाल्या, "तू मघाशी काही बोललास ते मी ऐकलेलं नाही. तिला आत आण. भाग संपायच्या आत."

आत्या बाहेर बाकड्यावर बसून चपलेचा पट्टा ओढत होती. "गुंड्या! तू इथे? हवामान इथून करतात होय?"

"आत्या, आत चल. लवकर."

"हाकलतानाही लवकर, बोलावतानाही लवकर! आधी तो लिहिणारा दाखव मला."

"मीच तो."

आत्यानं भांडं बाकड्यावर ठेवलं. तिला दोन्ही हात मोकळे लागावेत असे प्रसंग घराण्यात फार थोडे आले होते.

"कप्तानाला तू मारलंस? तुझ्या बापाला माहितीय?"

"अजून नाही."

"मग आत्ताच्या आत्ता जिवंत कर. तसं वचन दे, मी आत येते आणि बटण उजवीकडे पिळते. मोडेपर्यंत."

हो म्हणणं सोपं होतं. कप्तान याआधी सहा वेळा मेला होता आणि सहा वेळा परत आला होता; एकदा तर आरशातून. दारापलीकडून सात डोक्यांचा गलका येत होता, म्हणजे भाग संपत आला होता. लेखकानं तोंड उघडलं, आणि त्यातून भलतंच आलं.

"नाही."

"काय नाही?"

"तो परत येणार नाही. दर वेळी येतो, म्हणून कुणाला काही वाटेनासं झालंय. आज तो पडला तेव्हा तू भांडं छातीशी धरलंस. मी काचेतून बघितलं. ते मला हवंय, आत्या. मग मालिका बुडाली तरी चालेल."

आत्यानं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. तिला ओळखणाऱ्या कुणालाही याची भीतीच वाटली असती.

"मारायचं होतं तर नीट मारायचं होतंस," ती शेवटी म्हणाली. "कडी! कडीनं मरतात होय कप्तान?"

"मग हे आत जाऊन सांग."

"सांगणारच. तुला घाबरते की काय?" तिनं भांडं काखेत मारलं. "पण बटण शून्यावरच ठेवीन. आधीच सांगून ठेवते."

"ठेव."

तो धापा टाकत काचेमागे पोचला तेव्हा रेघ बाविसावर होती. आत्या लोकांच्या गुडघ्यांवरून आपल्या जागेवर गेली, बसली, आणि पडद्यावरच्या प्राण्यावर कडाडली, "अरे, एकेकानं बोला! वर्गात आहात का बाजारात?"

एकोणतीस. तेहतीस.

"आणि तू गं पोरी, कप्तान झालीस ना? मग दार लावलंस का ते बघ आधी!"

अडतीस. खोलीत कुणीतरी खिदळलं. अडतीसच. नवी कप्तान मागे वळली आणि शेवटचं दृश्य संपलं. नावं वर सरकायला लागली. लेखकाचं नाव आलं.

"हा!" आत्या उठून उभी राहिली. "हा आमचा भाचा! कान उपटा त्याचे कुणीतरी!"

अकरा बटणं एकदम उजवीकडे फिरली. मागच्या रांगेतलं एक तेवढं हललं नाही.

"एक्कावन्न," सुईवाला म्हणाला.