बोलती झालेली पोरगी

गडमुडशिंगीच्या शिवारात, ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात पत्र्याची शेड होती. त्या गुरुवारी तिच्यात मुंगीलाही जागा नव्हती.

"पावणं, सरका की! मागं बाया चिरडाय लागल्यात!" बनाबाई ओरडत होती. ही शेडमधल्या बाबांची, जोतीरामअप्पांची, मुख्य सेविका. आवाज असा की माइकची गरजच नाही. "दोन म्हैनं ह्या पोरीच्या तोंडात शब्द न्हवता! शाळा बंद, आंघोळ बंद, भाकरीचा तुकडा गिळंना. आन् आता बघा!"

बघण्यासारखंच होतं. अप्पांच्या गादीशेजारी पंधरा वर्षांची संघप्रिया उभी होती आणि बोलत होती. पाढे, कविता, बातम्या, सगळं एकात एक, श्वास न घेता. लोक हात जोडत होते. अप्पांनी लिंबू कापलं. सुऱ्याखालून लाल धार ओघळली.

"हे मानगुटीवरल्या मुंजाचं रगत!" अप्पा गरजले. मुंजाला रक्त असतं का, आणि असलं तर ते लिंबात कशाला शिरतं, हे कुणी विचारलं नाही.

दीप्तीनेही नाही. संघप्रियाची आई ती. बायकांच्या तिसऱ्या रांगेत पदराने डोळे पुसत होती. आनंदाने, आणि थोडं भीतीनेही. कारण नवऱ्याला, भाऊसोला, ती सांगून आली होती की विहारात वंदनेला जातेय. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरातली सून. स्वतः अंगणवाडी सेविका, 'अंगाऱ्यावर विसंबू नका, डोस पाजा' म्हणत दारोदार हिंडणारी. आणि तीच लेकीला घेऊन बाबाच्या दारात!

पण भिंतीकडे तोंड करून दोन महिने पडलेली आपली पोर जिने पाहिली नाही, तिने दीप्तीला हसू नये. शाहूपुरीतल्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं होतं, बायपोलर. मन कधी विहिरीत बुडतं, कधी उधाणतं. लिथियमच्या गोळ्या सुरू होत्या, रक्त तपासणं सुरू होतं. "धीर धरा," म्हणाल्या होत्या. शेजारच्या शेवंताबाईंना तेवढा धीर नव्हता. "डॉक्टर काय, निस्तं नाव ठेवतोय. एकदा अप्पांकडं चल तरी!"

अप्पांनी सांगितलं, "पोटात इंग्रजी गोळी आन् कपाळाला आमची इभूत? देवाला दोन दारं चालत न्हाईत, ताई."

मग एका सकाळी दीप्तीने सगळ्या गोळ्या पंचगंगेत सोडल्या. वर हातही जोडले.

आणि तीन आठवड्यांत पोरगी उठली! हसायला लागली. दोन तास झोपायची आणि आख्खं घर धुऊन काढायची. शाळेचे बूट रस्त्यात कुणाला तरी देऊन आली, तेव्हा "मन मोठं हाय लेकीचं" म्हणत दीप्तीने गल्लीत पेढे वाटले.

अप्पांनी दुसरं लिंबू उचललं, तोच संघप्रियाने त्यांच्या हातातला सुरा हिसकावला.

"मी दाखवते! माझ्यात अप्पांपरीस मोठी शक्ती हाय!" तिने ओढणीने सुरा खसाखसा पुसला आणि लिंबू कापलं. साधा, पाण्यासारखा रस. "कुठाय मुंजा? पळाला व्हय?" ती खदखदून हसली. "बनाबाई मागल्या बाजूला सुऱ्याला जास्वंदीची फुलं चोळून वाळवती. म्या बघितलंय! आंबट लागलं की लाल! दर्शक म्हणत्यात त्याला, दहावीला हाय आम्हाला!"

बनाबाईने पदर तोंडाला लावला. पण अप्पा मुरलेला गडी.

"बघितलासा? मुंजा गेला न्हाय, त्योच बोलतोय! बांधा तिला. मिरच्यांची धुरी द्या!"

दोघे तगडे गडी उठले. संघप्रिया शेडचा खांब धरून वर चढू लागली. पत्र्यावरून उडून दाखवते म्हणे. तेव्हा कुठे दीप्तीला लेक दिसली. फुटलेले ओठ, घोगरा झालेला घसा, बांगडी कोपरापर्यंत जाईल असा हात. लेक खरं बोलत होती आणि लेक आजारी होती. दोन्ही एकाच वेळी.

दीप्ती बायकांना ओलांडत धावली आणि पोरीचे पाय कवटाळले.

"हात लावून तर बघा!"

"ताई, मुंजा हाय त्यो..." अप्पा म्हणाले.

"मुंजा न्हाय! गोळ्या बंद केल्यात तिच्या. म्या केल्यात, ह्या हातांनी! डॉक्टरीणबाई म्हणाल्या हुत्या, एक दिस चुकवू नका म्हणून. तुमच्या लिंबानं न्हाय उठली ती, आजारानं उठवलीया!"

पुढे बसलेली एक म्हातारी काठी टेकत उभी राहिली. "अगं, मग माझ्या नातवाच्या फिटच्या गोळ्या? त्याबी बंद करा म्हणलाय की ह्यो!"

गडी जागच्या जागी थांबले. आता लोक अप्पांकडे बघत होते. म्हातारीने वाट काढली, आणि दीप्तीने लेकीला रिक्षात घालून थेट शाहूपुरी गाठली.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. "औषध एकदम तोडलं की मन असं उसळू शकतं," त्या म्हणाल्या. "बाबाने एवढंच केलं, गोळ्या तोडायला लावल्या आणि मन उसळल्यावर लिंबू कापलं."

"म्हणजे हा आजार माझ्यामुळं?"

"गोळ्या तुम्ही थांबवल्यात, ते तुमचं. आजार तुम्ही दिलेला नाही. दोन्हींचं गाठोडं एक करू नका."

दीप्तीला ते सोडवायला फार दिवस लागले. अजून पुरतं सुटलेलं नाही.

भाऊसोला तिने सगळं सांगितलं. तो शिव्या देईल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "मीबी पेढा खाल्ला की. पोरगी झोपत न्हाय, दिसत हुतं मला. पर हसत हुती गं. म्हणून इचारलं न्हाय."

महिन्याभराने, उधाण ओसरल्यावर, संघप्रियाने मान खाली घालून विचारलं, "आई, लोकांपुढं काय काय बोलले गं मी?"

"खरं बोललीस."

"आणि खांबावर चढले ते?"

"ते आजारानं चढवलं."

"मग मला कसं कळायचं, कुठलं माझं आणि कुठलं त्याचं?"

"दोघी मिळून बघू," दीप्ती म्हणाली, आणि गोळीसाठी पाणी आणायला उठली.

अप्पा दुसऱ्या तालुक्यात गेले. तिथेही जास्वंद फुलतेच. दीप्ती मात्र अंगणवाडीत आया जमल्या की आता स्वतःची गोष्ट सांगते. परवा एकीने विचारलं, "मग बरी झाली का पोरगी?"

"औषधावर हाय. काल दहावीचा शेवटचा पेपर दिला." मग ती म्हणाली, "बायांनो, वाईट झालं की आपण विचारतो, का झालं? चांगलं झालं तरी विचारत जावा. लेकरू एकाएकी हसाय लागलं तर हात जोडू नका, विचारा. डॉक्टरला विचारा, पोरीला विचारा. मी विचारलं न्हवतं."